पटावरचं नाव

ट्युनिक उलटा करून कटिंगच्या टेबलावर पसरला, तेव्हा मामाच्या लक्षात आलं की या घरात गुपित सांभाळणारा आपण एकटेच नव्हतो.

सोमवारची सकाळ होती. दुकानाचं शटर अर्धंच वर घेतलेलं, म्हणजे गिऱ्हाइकाने समजून घ्यावं की आत माणसं आहेत, पण आज त्यांना छळू नये. शनिवारी टाचणी, मामाच्या थोरल्या बहिणीची नात, शाळेच्या मैदानावर, कवायतीच्या रांगेत, उभ्या उभ्या खाली बसली होती. बसली, पडली नाही, असं ती अजूनही ठासून सांगत होती. शाळेच्या नर्सबाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं, कमरेचा पट्टा सोडला, कुशीची शिवण टर्रकन उसवली, आणि मग जे कळायचं ते नर्सबाईंना कळलं. सातवा महिना. संध्याकाळी टाचणीच्या दप्तरातून एक बंद पाकीट घरी आलं: सोमवारी अकरा वाजता पालकांनी मुख्याध्यापिकांना भेटावे. विषयाच्या पुढे नुसती रेघ.

रविवारभर घरातली तीन मोठी माणसं आपल्याला आत्ताच, कालच कळल्याचा चेहरा करून वावरत होती. आजी दोनदा "अगं बाई" म्हणाली. टाचणीची आई एकदा रडली. मामाने भिंतीकडे बघून मोठा सुस्कारा सोडला. सगळं यथासांग झालं.

आणि आता हा टाचणीचा शाळेचा ट्युनिक. उसवलेली कूस शिवायला म्हणून मामाने तो पसरला होता.

उजव्या कुशीला मशीनची टीप होती. इंचभर मोकळी केलेली, दोरा जुन्या दोऱ्याशी असा जुळवलेला की शोधून सापडू नये. ती त्याची स्वतःचीच होती. दीड महिन्यापूर्वी सगळे जेवायला गेले असताना त्याने ती मारली होती. पण डाव्या, उसवलेल्या कुशीला जे टाके लोंबत होते, ते हाताच्या उलट्या टिपेचे होते, खसखशीएवढे बारीक. असे टाके घालणारी बाई या दुकानात एकच होती आणि ती समोरच्या स्टुलावर बसून, काहीच न झाल्यासारखा चष्मा पुसत होती. आणि पाठीला, चेनच्या दोन्ही बाजूंना, धावदोरा. लांब, वाकडा, मधेच दमून थांबलेला.

"ताई," मामा म्हणाला, "ही डावी बाजू तुझी."

"हं."

"कधी?"

"झाले दोन महिने." आजीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि उजवी तुझी. मला त्याच दिवशी दिसली. मला वाटलं, पोरगी जाड होतेय म्हणून तू आपला सहज..."

"मी सहज? तीस वर्षांत मी कधी कुणाचा गणवेश सहज मोकळा केलाय?" मामाने ट्युनिक पाठीकडून उचलून उजेडात धरला. "बरं, ते राहू दे. हे काय आहे? उंदराने शिवलंय?"

"मी शिवलंय," टाचणीची आई दारातून म्हणाली. ती पोस्टात खिडकीवर बसायची आणि शिवणकामाचा तिला लहानपणापासून तिटकारा होता. "आणि हसायचं नाही. सुई बोटात चारदा गेली."

कुणी हसलं नाही. हसायला तसा थोडा वेळ लागला. आधी तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिघांनी मिळून टाचणीकडे. ती आजीच्या जुन्या झग्यात, गुडघे पोटाशी घेता येत नव्हते म्हणून पाय लांब करून, कापडाच्या ठाणांवर बसली होती. जन्मली तेव्हा ती इतकी बारीक आणि इतकी टोकदार होती की मामाने तिचं नाव टाचणी ठेवलं. पुढे दुसरं नाव शाळेत घातलं, पण घरात चिकटलं हेच.

"तुला माहीत होतं?" आईने तिला विचारलं. "की आम्हाला तिघांनाही..."

"मग! तुम्ही प्रत्येक जण मला म्हणालात, बाकीच्यांना कळू देऊ नकोस, त्यांना सोसायचं नाही. मी आपलं कळू दिलं नाही." टाचणीने नखं कुरतडली. "आई मला दोन बस बदलून एका दवाखान्यात न्यायची. आजी दुसऱ्या. दोन फायली आहेत माझ्या."

"दोन दवाखाने!" आई मटकन बसली. "आणि गोळ्या?"

"एकीकडच्याच घेतल्या. मी वेडी आहे का? दुसरीकडच्या बाईंना सांगितलं की चालू आहेत."

मामाने हातातली कात्री खाली ठेवली आणि डोक्याला हात लावला. "म्हणजे घरात सगळ्यात शहाणं माणूस हेच निघालं."

तेव्हा मात्र आजीला हसू फुटलं. नाकातून, अनिच्छेने, पण फुटलं. मग आईला. मग टाचणीला, आणि तिने पटकन पोटाला हात लावला, कारण आतल्यालाही बहुधा धक्का बसला होता.

ते हसू पाच मिनिटंही टिकलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते.

"आता मी काय सांगतो ते ऐका," मामा म्हणाला.

हे वाक्य तो म्हणाला की आजी सुईत दोरा ओवायला घ्यायची. आत्ताही तिने ट्युनिकची डावी कूस ओढून घेतली.

"आपण त्यांच्यासमोर बसायचंच नाही. त्यांनी नाव काढायच्या आधी आपणच काढून घ्यायचं. तब्येतीचं कारण. शाळा सोडल्याचा दाखला मागायचा आणि मान ताठ ठेवून बाहेर पडायचं. वर्ष गेलं तर गेलं. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा देईल."

"मामाचं अगदीच चूक नाही," आई हळूच म्हणाली.

टाचणीने झटकन मान वर केली. "आई!"

"अगं, मी म्हणते, विचार तर करू. परीक्षा चार महिन्यांवर. तुझी तारीख दोन महिन्यांवर. दोन महिन्यांचं बाळ आणि..."

"त्याच्या घरी काल फोन केलास ना तू? काय म्हणाली त्याची आई?"

 बाळाचा बाप असलेला तो मुलगा पलीकडच्या शाळेत, टाचणीच्याच इयत्तेत होता. त्याच्या आईने फोनवर शांतपणे सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, त्याची परीक्षा एकदा होऊन जाऊ दे, मग निवांत बसून बोलू.

"त्याची परीक्षा होऊन जाऊ दे," टाचणी म्हणाली. "आणि माझी?"

 आजीची सुई कापडातून ये-जा करत होती.

टाचणीच्या बाबांना शनिवारीच कळवलं होतं. ते बोटीवर इंजिनात काम करायचे आणि त्यांना किनारा दिसायला अजून तीन आठवडे होते. फोनवर बराच वेळ नुसती खरखर आली होती आणि मग ते म्हणाले होते, "ती जेवली का?" एवढंच. टाचणी त्या तीन शब्दांवर दोन दिवस तगून होती.

"आजी, तू तरी बोल."

आजीने दोरा दातांनी तोडला. ती पंचावन्न वर्षांची होती आणि तिच्या बोलण्याला या घरात वजन होतं, कारण ती ते जपून वापरायची. सोळाव्या वर्षी, याच शाळेतून, याच कारणासाठी तिचं नाव कमी झालं होतं. त्या वेळी पोटात असलेलं मूल आता दारात उभं राहून पोस्टाच्या साहेबाला रजेचा निरोप पाठवत होतं. पुढे त्याच शाळेचे गणवेश शिवायचं काम आजीला मिळालं, आणि ती दर वर्षी गठ्ठे घेऊन बाजूच्या दाराने भांडारघरात जायची आणि बाजूच्या दारानेच परत यायची. पुढच्या फाटकातून ती त्यानंतर कधी आत गेली नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिनेच स्वतःला अडवलं होतं.

"घाल हे," आजीने ट्युनिक पुढे केला. "मी पण येते."

"ताई, तू कशाला? तुला त्रास..."

"माझा त्रास मी बघेन. तू केस विंचर."

मामाने केस विंचरले. आरशात बघताना त्याने शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. अर्ज आत होता. काल दुपारी त्याने तो लिहून ठेवला होता, आईच्या सहीसकट. पोस्टाच्या कुठल्यातरी कागदावर सही हवी म्हणून त्याने ती घेतली होती आणि तिने न वाचता केली होती. दिवसाला शंभर कागदांवर शिक्के मारणारी बाई घरी आल्यावर काही वाचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

*

"मी जरा पुढे होतो," फाटकापाशी मामा म्हणाला. "ऑफिसात वर्दी देतो."

टाचणीला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं. मामा कधीच कशात पुढे होत नसे. पण तिचं लक्ष आजीकडे होतं. फाटकाच्या आत आल्याबरोबर आजीचे पाय आपोआप डावीकडे, सायकलींच्या शेडमागून भांडारघराच्या दाराकडे वळले.

"आजी, इकडून."

"हो की." आजी थांबली. समोर सहा रुंद पायऱ्या होत्या आणि वर काचेचं दार. "इथे पूर्वी लाकडी दार होतं."

"चढतेस ना?"

"तू चढ नीट. मला काय धाड भरलीय."

दोघींनी एकमेकींचा दंड धरला. कोण कुणाला आधार देत होतं ते पाठीमागून येणाऱ्या आईलाही सांगता आलं नसतं. वर पोचल्यावर टाचणीला धाप लागली. ती रोज यानंतर आणखी तीन मजले चढायची, प्रयोगशाळा वर होती म्हणून. दर मजल्याला ती बुटाची नाडी बांधायचं नाटक करायची. हल्ली नाडी दिसतच नव्हती, पण नाटक करायला ती दिसावी लागत नाही.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत नर्सबाई आधीच बसल्या होत्या. मामा सगळ्यांच्या मागून आला, शेवटच्या खुर्चीवर टेकला आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काम उरकून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या बोलायला सुरुवात करणार एवढ्यात दार वाजलं आणि ऑफिसातला कारकून एक कागद ठेवून गेला. या माणसाकडे साधं ओळखपत्र मिळवायला मुलं आठवडा आठवडा खेटे घालायची. आज त्याने दहा मिनिटांत अर्ज घेतला, शिक्का मारला, वहीत चढवला, छापील फॉर्म भरला आणि टेबलावर आणून ठेवला.

मुख्याध्यापिकांनी तो वाचला. मग चष्म्यावरून चौघांकडे पाहिलं.

"तुम्ही मुलीचं नाव काढून घेताय?"

टाचणीला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी कागद इथे आला. मग तिने त्या फॉर्मवर आपलं नाव वाचलं, ते शाळेतलं, घरात कुणी न वापरणारं. 

"आई?"

"मी नाही गं! मी..." आईने फॉर्मला टाचलेला अर्ज पाहिला. अक्षर मामाचं. सही तिची. "मामा! तू मला म्हणालास पोस्टाचा कागद आहे!"

"पोस्टाचा म्हणजे... पाठवायचाच होता," मामा पुटपुटला.

"अरे काय माणूस आहेस की कोण!"

"एक मिनिट," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि तो शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज पहिल्या बाकाला चांगलाच लागला.  त्यांनी फॉर्म फिरवून टाचणीच्या पुढे सरकवला. खाली एक चौकट रिकामी होती. "सोळा पूर्ण झालेल्या मुलीची सही लागते. तिच्या सहीशिवाय पटावरचं नाव निघत नाही. पेन हवं का तुला?"

टाचणीने चौकटीकडे पाहिलं. 

"मी सही केली नाही, तर तुम्ही काढणार?"

"कशासाठी?"

"ह्याच्यासाठी." तिने पोटाकडे बोट केलं नाही. नजरेनेच दाखवलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. पुढे पण नाही, परंतु नाही.

आजी खुर्चीत ताठ बसली होती. रात्रंदिवस कापड कापता कापता, काज करता करता, तिने एकोणचाळीस वर्षं काही वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. कुणीतरी कधीतरी समोर बसेल आणि मग ती एकेक बाहेर काढेल. आज ती सगळी तयार करून आली होती. आणि समोरच्या बाईने एका शब्दात त्या सगळ्यांची गरजच संपवून टाकली. आजीला क्षणभर त्या बाईचा रागसुद्धा आला.

"उलट मीच तुम्हाला रागावायला बोलावलंय," मुख्याध्यापिका म्हणत होत्या. "सात महिने! रोज सकाळी रांगेत माझ्या डोळ्यांसमोर उभी असायची. तुमच्या शिवणकामाचं कौतुक करू की डोकं आपटून घेऊ? या शाळेत तीन वर्गशिक्षक, एक नर्स, आणि कुणाला पत्ता नाही. तिसऱ्या महिन्यात सांगितलं असतंत तर ती तीन मजले चढली नसती. कवायतीला उभी राहिली नसती. शनिवारी ती बसली..."

"बसली," टाचणी म्हणाली.

"...बसली म्हणून बरं. पायऱ्यांवर बसली असती म्हणजे?"

"मी शिवण उसवली तेव्हा माझाच विश्वास बसेना," नर्सबाई म्हणाल्या. "आत किती टाके! मला वाटलं हिच्या घरी कुणी शल्यविशारद आहे."

आईने आजीकडे पाहिलं, आजीने मामाकडे. आपापली लाज तिघांनी समान वाटून घेतली. लपवून पोरीला वाचवतोय असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि तिघांनी मिळून तिला तीन मजले चढायला लावलं होतं.

बाईंनी एक फाईल उघडली. शाळेला नियम होता, सहा वर्षांपासून. आत्तापर्यंत चार मुलींसाठी वापरलेला. त्या वाचून दाखवू लागल्या तेव्हा आईने पर्समधून पेन काढलं आणि हातात मिळाला तो कागद, म्हणजे मामाचा अर्जच, उलटा करून त्यावर लिहून घ्यायला लागली. वर्ग उद्यापासून तळमजल्यावर, सगळ्यांचाच, एकटीचा नाही. बाकाऐवजी पाठीची खुर्ची. कधीही, न विचारता, बाहेर जायची आणि खायची मुभा. कवायत बंद. तपासणीच्या दिवसांची गैरहजेरी धरायची नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे घरी, त्यात आठवड्यातून दोनदा एक शिक्षिका येऊन शिकवणार. मग नर्सबाईंच्या शेजारची खोली, कुलूप लागणारी, बाळाला पाजायला. परीक्षेला वेगळी खोली आणि जादा वेळ.

"आणि कुणी काही बोललं तर?" आईने विचारलं.

"बोलतील." बाईंनी फाईल मिटली. "खोटं कशाला सांगू? माझ्या शिक्षकांतलेच दोघे मनातून नाराज आहेत. एखाद्या पालकाचं पत्र येईल, याने बाकीच्या मुली बिघडतात म्हणून. त्याला मी उत्तर देईन. पण मधल्या सुट्टीतली कुजबुज मला थांबवता येणार नाही. ती हिला सोसावी लागेल."

टाचणीने मान हलवली. कुजबुज तिच्या ओळखीची होती. शनिवारनंतर तिच्या फोनवर ती पुष्कळ आली होती, आणि दोन चांगले निरोपही आले होते. दोन म्हणजे काही शून्य नव्हे.

"हे आधी नव्हतं?" आजी बोलली. खोलीत आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

"सहा वर्षांपूर्वी? नाही."

"मग तेव्हा काय करायचात?"

मुख्याध्यापिकांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मुली घालवायचो. कधी सांगून, कधी त्यांनीच जावं असं वागून."

"सांगून," आजी म्हणाली. "मला सांगून घालवलं."

नर्सबाई खुर्चीत जराशा पुढे सरकल्या. मामा मान खाली घालून बसला होता. तो तसाच, गुडघ्यांकडे बघत, बोलायला लागला, आणि ते एवढं अनपेक्षित होतं की टाचणीला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"मैदानावर. सगळी शाळा उभी करून कागद वाचला. हिचं नाव, वर्ग, कारण. कारणसुद्धा. मी पाचवीच्या रांगेत होतो. मग मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, बहिणीचं दप्तर उचल आणि हिला घरी ने." त्याने खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरला. "एवढं जड दप्तर होतं. हुशार होती ना. सगळी पुस्तकं रोज आणायची. फाटकापर्यंत सगळी शाळा बघत होती. मी म्हटलं, आपणच आधी नाव काढून घेतलं तर निदान वाचून दाखवणार नाहीत. एवढंच होतं माझं. बाकी काही नव्हतं."

टाचणी उठली. उठायला तिला हल्ली दोन प्रयत्न लागायचे. ती मामाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या विंचरलेल्या केसांचा पार चुथडा केला. "पुन्हा असं केलंस ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. कळलं?"

"कळलं."

"मला विचारायचं. मोठी माणसं मला सोडून सगळ्यांना विचारतात."

"विचारीन बाई, विचारीन. केस सोड."

आजी भावाकडे बघत होती. दप्तराबद्दल तो एका शब्दाने कधी बोलला नव्हता. तिला वाटायचं, तो लहान होता, विसरला असेल.

"बाई," मुख्याध्यापिका आजीला म्हणाल्या, "मी तेव्हा इथे नव्हते, पण खुर्ची तीच आहे. जे झालं ते चुकीचं होतं. आता बोलून त्याचं काही होणार नाही, तरी मी बोलते. आणि एक विचारते. आमच्या या यादीत काय राहिलंय? तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल."

आजीने विचार केला. घासून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. मग तिला जे आठवलं ते तिने सांगितलं. "नाव वाचलं त्याआधी दोन आठवडे वर्गात कळलं होतं. त्या दोन आठवड्यांत माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. कागद वाचला तो दिवस एकच होता. ते दोन आठवडे जास्त लागले." तिने मिटलेल्या फाईलकडे बोट केलं. "तुमच्या यादीत खुर्ची आहे. शेजारी कोण बसणार ते नाही."

बाईंनी फाईल पुन्हा उघडली आणि तसंच, त्याच शब्दांत लिहून घेतलं.

"तिच्या वर्गातल्या दोघी सकाळपासून माझ्या दारात घुटमळत होत्या," नर्सबाई म्हणाल्या. "कशी आहे, कशी आहे. मी हाकलल्या. बोलावते परत."

"ठीक. आणि आता..." मुख्याध्यापिकांनी फॉर्म उचलला, रिकामी चौकट टाचणीला दाखवली. "ह्या फॉर्मचं काय करू?"

टाचणीने फॉर्म घेतला. फाडायची तिला फार इच्छा होती, चार तुकडे, सिनेमात करतात तसे. पण त्याच्या पाठीला टाचलेल्या अर्जावर आईने सगळं लिहून घेतलं होतं. तिने घडी घातली आणि कागद आईच्या पर्समध्ये टाकला.

"घंटा कधीच झाली," बाई म्हणाल्या. "तिसरा तास चालू आहे. भौतिकशास्त्र, खालीच आहे आज. जातेस ना?"

"आत्ता?"

"मग कधी? सोमवार आहे."

*

तिघं व्हरांड्यात उभी राहिली. टाचणी दप्तर एका खांद्यावर टाकून, पाठीला एक हात लावून, लांबच्या लांब चालत गेली आणि टोकाच्या वर्गात शिरली. दार बंद झालं.

आईचे खांदे खाली आले. शनिवार संध्याकाळपासून ते कानांपर्यंत चढलेले होते, हे तिला आत्ता कळलं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो कसा पडतो ते तिला पोटात जाणवलं. जरा दुखतंच.

"दुकान उघडायला हवं," मामा म्हणाला, आणि हलला नाही.

"मला पोस्टात अर्धा दिवस भरायचाय," आई म्हणाली, आणि तीही हलली नाही.

आजी चालायला लागली. फाटकाकडे नव्हे, त्या टोकाच्या वर्गाकडे. दोघं मागून गेले. दाराची वरची काच दुधी होती, आतलं दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"...आणि वही?" एक पुरुषी आवाज विचारत होता. दमदार, वैतागलेला.

"राहिली, सर."

"राहिली म्हणजे? उदाहरणं शुक्रवारी दिली होती. शनिवारी तू आजारी पडलीस. शुक्रवारी रात्री काय केलंस?"

वर्गात खसखस पिकली.

"झोप आली, सर."

"झोप आली! मला येत नाही झोप? परीक्षेत लिहिणार आहेस का, झोप आली म्हणून? तुझ्यासारख्या मुलीने असा आळस केला तर बाकीच्यांनी काय करायचं? उद्या सगळी चौदा उदाहरणं सोडवून आणायची. चौदाच्या चौदा. कारणं नकोत."

"हो सर."

"बस आता. तिथे नको, इकडे पंख्याखाली बस. हां. तर प्रवेग..."

व्हरांड्यात मामाचा चेहरा लाल झाला. "काय हा माणूस! असल्या अवस्थेत पोरीला चौदा उदाहरणं? मी आत जाऊन बोलतो."

आजीने त्याचं मनगट पकडलं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि तोंड हसत होतं, दोन्ही एकाच वेळी, आणि ते लपवायला तिच्याकडे काही नव्हतं.

"खबरदार," ती म्हणाली. "रागवू दे त्यांना. अजून रागवू दे."